मूळ गावाचा शोध आणि कुलवृत्तांत : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

पूर्वजांचे गाव शोधण्यासाठी प्रवास करणे ही गोष्ट आज जगभर रूढ झाली आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत इटलीतून अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका या देशांत गेलेल्या कुटुंबांचे वंशज पणजोबांच्या गावी जातात, चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही पाहतात आणि आपल्या आडनावाची घरे विचारीत हिंडतात. इटलीच्या शासनाने २०२४ हे वर्ष या 'मुळांच्या' प्रवाशांसाठीच वाहिले होते. मराठीत अशा शोधाला वाहिलेला स्वतंत्र ग्रंथप्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नांदतो आहे. तो म्हणजे कुलवृत्तांत. आपण त्याकडे संदर्भग्रंथ म्हणून पाहतो. वाङ्मयप्रकार म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते. सातारा व सांगली या परिसरातील काही ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे अशी चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुलवृत्तांताची घडण

कुलवृत्तांताचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. आरंभी गोत्र, प्रवर, कुलस्वामी व मूळ गाव. नंतर मूळ पुरुष. त्यानंतर घराणी, शाखा, उपशाखा आणि वंशवृक्ष. भाषा अत्यंत काटकसरीची असते. जन्म, मृत्यू, शिक्षण, व्यवसाय हे सारे संक्षेपचिन्हांत मावते आणि एखाद्या माणसाचे संपूर्ण आयुष्य दोन ओळींत संपते. तथापि या कोरडेपणामागे एक प्रवास असतो. संपादक मंडळी गावोगाव पत्रे पाठवितात, कोकणातील देवळापर्यंत जातात, गुरवाकडे व उपाध्यायाकडे चौकशी करतात. ग्रंथात मात्र हा प्रवास उलटा मांडला जातो. शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे गेलेला असतो. निवेदन मूळ पुरुषापासून सुरू होऊन आजच्या पिढीपर्यंत सरळ उतरते. शोधातील अडखळणे, चुकलेल्या वाटा आणि अनुत्तरित प्रश्न या मांडणीत पुसले जातात. या प्रकाराची मुख्य वाङ्मयीन मर्यादा येथेच आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सरळ रेषेस छेद देणारी उदाहरणे

सांगलीच्या पटवर्धन घराण्याचा मूळ पुरुष हरभट हा रत्नागिरीजवळील कोतवडे गावचा. तो इचलकरंजीकर घोरपड्यांकडे उपाध्याय म्हणून राहिला. त्याच्या वंशजांना १७६१ नंतर मिरजेची जहागीर मिळाली आणि १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीचे संस्थान वेगळे केले. कोकणातून देशावर आलेल्या कुळाची ही नमुनेदार कथा होय. परंतु ज्यांच्या आश्रयाने हे कुळ वाढले, त्या इचलकरंजीकरांचे आडनाव पाहावे. त्यांचा मूळ पुरुष नारो महादेव हा जोशी होता. सेनापती संताजी घोरपड्यांच्या छत्राखाली त्याचा उत्कर्ष झाला आणि कृतज्ञतेपोटी त्याने धन्याचेच आडनाव स्वीकारले. केवळ आडनावाचा धागा धरून जाणारा शोधक येथे कापशीच्या मराठा घोरपड्यांकडे वळेल आणि वाट चुकेल. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्या संशोधकाने मूळ कागदपत्रांवर भर दिला, त्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते.

दुसरे उदाहरण साताऱ्याच्या गादीचे. १७५० साली ताराबाईंचा नातू म्हणून रामराजास गादीवर बसविण्यात आले. पुढे ताराबाईंनीच ते नाते नाकारले. त्याच रामराजाने दत्तक घेतलेल्या शाहूपासून प्रतापसिंह व शहाजी यांचा वंश चालला. १८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले तेव्हा त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने अमान्य केला आणि राज्य खालसा झाले. हिंदू परंपरेत दत्तक पुत्र हा पूर्णपणे पुत्रच असतो. डलहौसीच्या धोरणाने राज्याच्या वारशापुरते तसे मानले नाही. वंश म्हणजे रक्त की स्वीकार, या प्रश्नाच्या उत्तरावर एक राज्य बुडाले. कुलवृत्तांतात मात्र हा सारा प्रश्न 'दत्तक' या एका शब्दात मिटविला जातो.

तिसरे उदाहरण भूगोलाचे. परगावी वा परदेशी गेलेल्या एखाद्या पूर्वजाच्या जुन्या कागदावर 'जिल्हा सातारा' असे लिहिलेले असते. परंतु तासगाव, खानापूर, वाळवे व शिराळे हे तालुके १९४९ साली साताऱ्यातून निघाले. त्या वर्षी झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव १९६० साली सांगली असे ठेवण्यात आले. कागदावरील गाव जागचे हललेले नसते, जिल्हा बदललेला असतो. ज्या वृत्तांतात अशा बदलांची टीप नसते, तो पुढील शोधकास चुकीच्या कचेरीत पाठवितो.

कन्यांची शाखा

या प्रकारातील सर्वांत मोठी उणीव स्त्रियांसंबंधी आहे. पत्नीचे माहेर आणि कन्येचे सासर यांची नोंद पुष्कळ वृत्तांतांत असते. परंतु कन्येनंतरची फांदी तेथेच थांबते. त्यात विवाहानंतर आडनावासह पाळण्यातले नावही बदलण्याची प्रथा, त्यामुळे एकच स्त्री दोन ग्रंथांत दोन नावांनी आढळते आणि ती एकच आहे हे कोणासही कळत नाही. इटलीतील नागरी नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्या आडनावानेच नोंदली जाते, त्यामुळे तेथे मातृकुळाचा माग काढणे सोपे आहे. तथापि तेथील कायद्याने १ जानेवारी १९४८ पूर्वी जन्मलेल्या अपत्यास मातेकडून नागरिकत्व मिळू दिले नव्हते. अशा वंशजांना न्यायालयात जावे लागले. पुढे २०२५ च्या कायद्याने वंशाधारित नागरिकत्वाचा हक्क सामान्यतः आई-वडील व आजी-आजोबा यांच्या पिढ्यांपुरता मर्यादित केला. आपल्याकडेही जात पडताळणीसाठी पितृकुळाचे जुने पुरावे मागितले जातात. म्हणजे वंशावळ हा केवळ अभिमानाचा विषय उरत नाही. कोणाला कोणता हक्क मिळणार हे ती ठरविते.

छापील ग्रंथाबाहेरची परंपरा

कुलवृत्तांत प्रामुख्याने लेखनाची परंपरा व छपाईची ऐपत असलेल्या समाजांनी काढले. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातील शेतकरी कुळांची वंशावळ सांगण्याचे काम हेळवी करीत आले. सीमेपलीकडील कानडी मुलखातून येणारा हेळवी सुगीनंतर दारात येई. कुळ कोठून आले, भाऊबंद कोठे पांगले, देव कोणता, हे तो म्हणून दाखवी आणि धान्य वा जनावर घेऊन पुढे जाई. त्याच्या चोपडीत नव्या जन्माची भर पडे. ही परंपरा निर्दोष आहे असे नव्हे. यजमानास रुचेल असा मोठेपणा सांगण्याचा मोह तिच्यातही आहे. परंतु तिचे एक वैशिष्ट्य ग्रंथकारांनी घेण्यासारखे आहे. हेळव्याचे कथन ऐकणाऱ्यांसमोर होते, आणि घरातील वृद्ध त्याला तेथेच दुरुस्त करू शकतात.

निष्कर्ष

कुलवृत्तांताचे मूल्य वंशवृक्षाच्या लांबीवरून ठरवू नये. नाव बदलले, दत्तक आला, जिल्हा पालटला, कन्या परघरी गेली, अशा तुटीच्या जागा त्याने किती प्रामाणिकपणे दाखविल्या यावरून ते ठरावे. पुढील वृत्तांतकारांनी किमान तीन गोष्टी कराव्यात : ऐकीव माहिती व कागदाचा आधार असलेली माहिती वेगळी छापावी, कन्यांच्या शाखा पुढे चालवाव्यात, आणि शोधाच्या प्रवासाचा वृत्तांत, त्यातील अपयशासह, ग्रंथात समाविष्ट करावा. मूळ गावी पोहोचलेल्या माणसास पुष्कळदा पडके जोते आणि अनोळखी माणसे एवढेच भेटते. ते जसेच्या तसे लिहिले गेले, तर पुढच्या पिढीस त्याच वाटेने अधिक सावधपणे जाता येईल.