फिटनेस बँड घ्यावा का? आधी सांगा, कशाच्या तुलनेत?



ऑनलाइन सेल जवळ आला की पेट-नेटची तयारी करणाऱ्या आपल्या गटात एक प्रश्न हमखास येतो. फिटनेस बँड घेऊ का? दीड-दोन हजारांची गोष्ट आहे. ज्याला फेलोशिप लागलेली नाही आणि ज्याचा विरार-चर्चगेट पास दर महिन्याला खिसा कापतो, त्याच्यासाठी ही रक्कम छोटी नाही. वर "तू रिसर्च करतेस ना, मग तूच सांग" हेही असतंच.

सांगते. पण हो की नाही ते नंतर. हा प्रश्न मला आवडतो, कारण सिनॉप्सिस लिहिताना जिथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती जागा यात अगदी उघडी दिसते. "अमुकचा तमुकवर परिणाम" असं शीर्षक आपण लिहितो, गाईड विचारतात "कशाच्या तुलनेत?", आणि आपण गप्प होतो.

एक पेपर घेऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन जॅकिसिक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. वजन जास्त असलेले, १८ ते ३५ वयाचे ४७१ लोक, दोन गट, दोन वर्षं. कोण कुठल्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. एका गटाला सहा महिन्यांनंतर बँड दिला, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी बँडवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलं होतं. बँड नसलेल्यांचं ५.९ किलोने.

उलटंच झालं ना? या निकालाची जी बातमी जगभर फिरली तिचा सूर असा होता की बँड घातल्याने नुकसान होतं. आजही कुणी बँड घ्यायचं नाव काढलं की कोणीतरी हा अभ्यास पुढे करतं. मला हा पेपर चांगला वाटतो आणि त्याचं हे वाचन वाईट वाटतं. का ते बघा.

दोन्ही गटांचं वजन उतरलं, हे तर सरळ आहे. खरी गोम तुलनेच्या गटात आहे. "बँड नसलेले" म्हणजे घरी पाय पसरून बसलेले लोक नव्हते. पहिले सहा महिने दोन्ही गटांना तोच कमी कॅलरींचा आहार, तोच व्यायाम, तीच समुपदेशनाची सत्रं. नंतर दोघांनाही फोनवरून सल्ला आणि मोबाइलवर संदेश. फरक एवढाच, की सहा महिन्यांनंतर एक गट आपलं खाणं आणि व्यायाम स्वतः वेबसाइटवर नोंदवत होता आणि दुसऱ्याला दंडावर बांधायचं यंत्र आणि त्याची वेबसाइट मिळाली. म्हणजे या अभ्यासाने विचारलेला प्रश्न असा: देखरेखीखाली वजन कमी करणाऱ्या तरुण माणसाने नोंद स्वतः ठेवावी की यंत्राला ठेवू द्यावी? प्रश्न नेमका आहे आणि उत्तरही नेमकं आहे. फक्त तो तुमचा प्रश्न नाही. तुमच्याकडे ना समुपदेशक आहे, ना आहारतज्ज्ञाचा फोन येतो.

यावर एक लाडकं स्पष्टीकरण ऐकू येतं, की बँडवाले "आज खूप चाललो" म्हणून एक वडापाव जास्त खात असतील. पटण्यासारखं आहे. पण पेपर शेवटपर्यंत वाचलात तर दिसतं की आहारात आणि शारीरिक हालचालीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक सापडलाच नाही. आता आहाराची माहिती प्रश्नावलीतून घेतलेली, आणि खाल्लेलं सगळं कोण कबूल करतं! म्हणून वडापाव निर्दोष सुटला असंही नाही. पण त्याच्यावर आरोप ठेवायला या पेपरात पुरावा नाही. व्हायवात असा "असेल" टाकलात तर परीक्षक तिथेच धरतील.

आणखी एक. सुमारे चतुर्थांश लोक शेवटच्या मोजमापापर्यंत टिकले नाहीत. आणि ते यंत्र बनवणारी बॉडीमीडिया ही कंपनी २०१३ मध्येच जॉबोनने विकत घेतली होती, २०१७ मध्ये जॉबोनच बंद पडली. आपल्या पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, गॅजेटचं आयुष्य दोन वर्षांचं. अशा विषयावर प्रबंध घ्यायचा असेल तर यंत्राच्या नावावर घेऊ नका, ते काय मोजतं त्यावर घ्या.

मग तुमची खरी तुलना कशाशी? माझ्या मते तुमच्या खिशातल्या फोनशी. पावलं मोजणारा सेन्सर त्यात आधीच आहे, पैसे भरून झालेत. २०१५ मध्ये 'जामा'तच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांचं एक छोटं टिपण आलं होतं. ट्रेडमिलवर लोकांना ५०० आणि १५०० पावलं चालवलं आणि फोनमधली अ‍ॅप व अंगावरची यंत्रं ताडून पाहिली. फोनचे आकडे प्रत्यक्ष मोजणीपेक्षा ६.७ टक्के कमी ते ६.२ टक्के जास्त इतक्या टप्प्यात आले. अंगावरच्या यंत्रांचे २२.७ टक्के कमी ते १.५ टक्के कमी. म्हणजे फोन काही मागे पडला नाही. संपला प्रश्न?

थांबा, मेथड्स वाचा. माणसं १४. सगळी निरोगी. चालणं ट्रेडमिलवरचं. आणि फोन पँटच्या खिशात.

हा खिसा मला महत्त्वाचा वाटतो. माझी आत्या आगाशीला राहते. साखर सीमेवर आली आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. तिच्या गाऊनला खिसा नाही, साडीला तर नाहीच. फोन दिवसभर स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला. ती विहिरीवर जाते, वाडीत जाते, देवळात जाते, फोन जागचा हलत नाही. लेडीज डब्यातही तेच, फोन पर्समध्ये आणि पर्स मांडीवर नाहीतर हुकाला. कुर्ते शिवणाऱ्यांनी खिसे द्यायला सुरुवात केली तर बँडचा अर्धा बाजार उठेल असं मला कधीकधी वाटतं. तेव्हा त्या १४ जणांचा निष्कर्ष आत्याला लागू करणं चूक. तिच्यासाठी तुलना "बँड की फोन" अशी नाही, "बँड की काहीच नाही" अशी आहे, आणि तिथे बँडची बाजू बरीच भक्कम होते.

अर्थात मनगटालाही मर्यादा आहेत. मनगटावरचं यंत्र बऱ्याच अंशी हाताच्या हालचालीवरून पाऊल ओळखतं. हात स्थिर असेल किंवा चाल फार संथ असेल तर पावलं सुटतात. नायगाव किंवा अर्नाळ्याची कोळीण डोक्यावरची पाटी हाताने धरून झपझप निघते, तेव्हा तिचे पाय कितीही चालोत, तो वरचा हात हलतच नाही. तिच्या मनगटाला बँड लावला तर तो तिच्याबद्दल काय सांगेल?

हे नुसतं चित्र म्हणून सांगत नाही. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने फोनमधल्या नोंदींवरून सात लाखांहून जास्त लोकांची पावलं मोजली आणि ४६ देशांची तुलना केली. हाँगकाँगची रोजची सरासरी ६,८८०, भारताची ४,२९७. झालं, भारतीय आळशी! पण हा भारत कोणता? स्मार्टफोन असलेला, त्यात एक विशिष्ट फिटनेस अ‍ॅप टाकलेला आणि फोन अंगावर बाळगणारा. पाटीवाली कोळीण त्यात नाही, वाडीत पाणी सोडणारा माळी नाही, आत्या तर नाहीच नाही. त्या पेपरचा मुख्य मुद्दा देशांची गुणपत्रिका हा नव्हताच. एकाच देशातल्या लोकांच्या चालण्यात किती विषमता आहे आणि तिचा लठ्ठपणाशी काय संबंध दिसतो, हा होता. तो भाग बातमीत क्वचितच येतो.

"बँड की काहीच नाही" या तुलनेला मात्र आता बऱ्यापैकी उत्तर आहे. २०२२ मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये ३९ पद्धतशीर आढाव्यांचा एकत्र आढावा आला, सुमारे १ लाख ६४ हजार लोकांचा. निष्कर्ष: अशी साधनं वापरणारे दिवसाला साधारण १,८०० पावलं जास्त चालतात आणि वजन सुमारे एक किलोने उतरतं. चालणं वाढतं, हे खरं. वजनाच्या आशेने घेणाऱ्याने मात्र तो एक किलो नीट लक्षात ठेवावा.

आणि किती दिवस? सिंगापूरमध्ये १३ संस्थांमधल्या ८०० कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास, 'लॅन्सेट'च्याच मधुमेहाच्या अंकातला, २०१६ चा. काहींना नुसता फिटबिट, काहींना फिटबिट आणि रोख पैसे, काहींच्या वतीने धर्मादाय संस्थेला देणगी, काहींना काहीच नाही. पैसे मिळत होते तोवर चालणं वाढलं, थांबल्यावर ते टिकलं नाही. वर्षाअखेर यंत्र वापरणारे उरले जेमतेम दहा टक्के. वजन आणि रक्तदाबात फायदा दिसला नाही. तुमच्या घरातला तो ड्रॉवर आठवा, ज्यात जुने चार्जर पडलेले असतात. दहातले नऊ बँड तिथे गेले.

दहा हजार पावलांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. २०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या गटाने सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास छापला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, ज्यांना बरं वाटतं तेच जास्त चालतात ही शक्यता पूर्ण पुसता येत नाही. तरी आत्याला दहा हजारांचं ओझं द्यायचं कारण नाही, इतकं त्यावरून म्हणता येतं. पापडीच्या तलावाभोवती किंवा सुरुची बागेत जाऊन येण्याइतकं सुद्धा चाललं तर ते मोजण्यासारखं आहे.

कॅलरीचा आकडा तर बघूच नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डने ६० जणांवर सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके सातपैकी सहांनी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, हे चांगलंच. कॅलरीत मात्र सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. जीवदानीच्या पायऱ्या चढून आलात आणि मनगटाने ४०० दाखवले, तर शंभर इकडे-तिकडे हा चांगल्या यंत्राचा हिशेब झाला. त्या ४०० च्या भरवशावर पायथ्याशी काय खायचं ते ठरवू नका.

आता माझं मत. कपड्यांना खिसे असतील तर आधी चार आठवडे फोनमधली पावलं रोज रात्री वहीत उतरवा. बँड न घेता. ती वही चौथ्या आठवड्यात बंद पडली असेल तर बँडचंही तेच होण्याची शक्यता मोठी, आणि दोन हजार वाचले. टिकली असेल तर बहुतेकांना बँडची गरज उरत नाही. डिसेंबरच्या महापौर मॅरेथॉनसाठी नाडी बघत सराव करत असाल तर घ्या, त्या कामाला यंत्र उपयोगी पडतं. धावताना चुका वाढतात, छातीवरचा पट्टा जास्त अचूक असतो, हे माहीत असू द्या. आणि घरी कोणी आत्या असेल, जिचा फोन फळीवर राहतो, तिच्यासाठी साधा, स्वस्त, फक्त पावलं दाखवणारा बँड मी घेईन. पहिल्या आठवड्यात नुसतं बघायचं, दुसऱ्यापासून त्यात थोडी थोडी भर घालायची.

फक्त एक गोष्ट. साखर सीमेवर असलेल्या माणसाला बँड द्यायचं म्हटलं की दुकानदार किंवा जाहिरात दुसरंच घड्याळ पुढे करते: "हे साखरही दाखवतं, टोचायला नको." २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल जाहीर इशारा दिला. त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणारं एकही असं उपकरण त्यांनी मंजूर केलेलं नाही. दंडावर लावायचे, बारीक सुईचे सेन्सर असतात आणि त्यांचा आकडा घड्याळात दिसू शकतो, ती गोष्ट वेगळी, तिथे मोजणारा सेन्सर असतो. नुसत्या घड्याळाने दाखवलेल्या आकड्यावर कोणी इन्सुलिन किंवा गोळी कमी-जास्त केली तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. असं घड्याळ घरात आधीच आलं असेल तर त्यातला साखरेचा भाग आजच बंद करा, आणि आत्याची रक्ततपासणी ठरलेल्या तारखेला लॅबमध्येच होऊ द्या.