चौऱ्यांशी कलमांची वार्ता: ‘माझा प्रवास’ आणि शासनाची धर्मतटस्थता

युरोपात धर्म आणि शासन यांच्या विभक्ततेचा इतिहास बहुधा चर्चची राजकीय सत्ता आटोक्यात आणण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. येथे श्रद्धावान प्रजाच राज्यसत्तेला धर्मापासून दूर राहण्यास बजावते.

२९ मार्च १८५७ रोजी बराकपूरच्या छावणीत ३४ व्या पलटणीतील मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले; ८ एप्रिलला त्यांना फाशी देण्यात आली. या क्षोभामागील काडतुसांची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या गोडसे यांना महूच्या परिसरात शिपायांकडून कळली. तिच्या जोडीने आणखी एक कथा आली. इंग्रजांनी हिंदुधर्माविरुद्ध चौऱ्यांशी कलमे रचून ती कलकत्त्यास राजेरजवाड्यांपुढे मांडली, असे तीत सांगितले होते. अशी सभा प्रत्यक्षात झाली नव्हती. तथापि ही कथा केवळ भाबडी अफवा म्हणून बाजूस सारता येत नाही. तिचे रूपच अर्थपूर्ण आहे. भय पाद्र्याच्या प्रवचनाचे नसून सरकारी कलमाचे आहे. धर्मांतर येथे कायद्याच्या भाषेत अवतरते.

या संशयाला बराकपूरच्या भूगोलातच आधार सापडतो. हुगळीच्या अलीकडे गव्हर्नर जनरलचे उपवनगृह, तर पलीकडे डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर. कंपनीच्या मुलखात थारा नसलेल्या मिशनऱ्यांनी १८०० मध्ये तेथे ठाणे मांडले. त्यांतील विल्यम कॅरी मात्र कंपनीच्याच फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत होते, आणि त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरात छापले गेले. नदीने विभागलेले धर्म आणि शासन एकाच व्यक्तीच्या ठायी असे एकत्र आले होते. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखाचे दार उघडले. पुढे ३४ व्या पलटणीचे प्रमुख कर्नल व्हीलर यांनी आपण एतद्देशीयांना ख्रिस्ती धर्माचा उपदेश करीत असल्याचे १८५७ मध्ये लेखी मान्य केले. वार्तेतील तपशील खोटा, पण शंका निराधार नव्हती.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले. परंतु कोणता धर्म वाचवायचा होता? डमडमच्या कारखान्यातील खालच्या मानलेल्या जातीच्या कामगाराने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला, ही काडतुसांच्या वार्तेची प्रचलित सुरुवात पाहावी. येथे धर्मरक्षण आणि स्पर्शबंधन यांत भेद उरत नाही. त्यामुळे शासनाची तटस्थता एकाला अभय देणारी, तर दुसऱ्याला त्याच्या जागी खिळवून ठेवणारी ठरते. धर्मस्वातंत्र्य मान्य करूनही सामाजिक सुधारणेसाठी राज्याला हस्तक्षेपाची मुभा देणारे संविधानाचे २५ वे कलम आणि अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम या पेचाचे उत्तर शोधतात. ‘माझा प्रवास’ ते उत्तर देत नाही. मात्र तो पेच प्रजेच्या भाषेत नोंदवतो, यातच त्याचे तौलनिक अभ्यासातील मोल आहे.