बुडालेल्या होडीचं बेट

नदीवरच्या गद्यात मला सर्वांत प्रिय असलेलं लेखन एका मोजणीदाराचं आहे. जेम्स रेनेल आधी ब्रिटिश आरमारात होता, मग ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. गंगेतून कलकत्त्याकडे मोठ्या होड्या नेण्याची जवळची वाट शोध, असं त्याला १७६४ मध्ये सांगण्यात आलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्याने बंगालच्या नद्यांवर काढली. ‘बंगाल ॲटलास’मुळे त्याचं नाव झालं. मात्र १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेलेला त्याचा गंगा-ब्रह्मपुत्रेवरचा निबंध आज फारसा कोणी उघडत नाही. नकाशातली नदी एका तारखेची असते. निबंधातली नदी चालू असते, आणि म्हणून मला त्याच्या नकाशांपेक्षा निबंध मोठा वाटतो.

बेटाच्या जन्माचा उतारा हा या निबंधाचा प्राण. रेनेल सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टीपासून करतो. ओघात एखादं मोठं झाड अडकतं किंवा एक होडी बुडते, आणि बेट उभं राहायला तेवढं पुरतं. अडथळ्याच्या आडोशाला पाणी मंदावतं. मंदावलेल्या पाण्याला वाळू पेलवत नाही, ती खाली बसते. बसलेली वाळू स्वतःच पुढचा अडथळा होते. पाण्याचा लोंढा मात्र तेवढाच असतो. मधली जागा गेल्यावर तो दोन्ही अंगांनी वाट काढतो आणि दोन्ही काठ खालून कोरू लागतो. तळची वाळू निघून गेली की वरचा मातीचा थर अधांतरी राहतो आणि पिकासकट कोसळतो. ती माती खालच्या अंगाला कुठेतरी दुसऱ्या बेटाच्या कामी येते. बुडालेल्या होडीपासून वाहून गेलेल्या शेतापर्यंतची ही साखळी रेनेलने एकाच दमात पाहिली, याचं मला फार अप्रूप आहे. वेणीसारख्या गुंफलेल्या पात्रांच्या नद्या कशा चालतात याचं बीज इथे आहे. धूप आणि गाळ ही त्याच्या लेखी दोन वेगळी प्रकरणं नाहीत.

त्याची भाषाही तशीच आहे. नदीला तो रागीट म्हणत नाही, कृपाळू म्हणत नाही. विशेषणाच्या जागी तो माप ठेवतो. गंगेच्या एका काठाची नऊएक वर्षांच्या अंतराने दोनदा मोजणी झाली. तेवढ्या काळात दीड मैल रुंदीची जमीन, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर, गेलेली होती. अकरा वर्षांत जलंगी नदीचं मुख पाऊण मैल खाली सरकलं. एवढं सांगून तो पुढे जातो. अशी वाक्यं एकदाच येऊन पाहून गेलेल्या माणसाला लिहिता येत नाहीत. त्यांच्यामागे त्याच काठावर पुन्हा लावलेली मोजणीची साखळी आहे, आणि जिथे आधी खूण केली तिथे आता पाणी आहे हे पाहिलेले डोळे आहेत.

कृष्णेकाठच्या वाचकाला हे मनापासून पटायला वेळ लागतो. वाईला रास्त्यांनी १७६२ मध्ये, रेनेलच्या कामाच्या दोनच वर्षं आधी, नदीच्या कुशीत बांधलेला ढोल्या गणपती आजही तिथेच आहे. आपल्याकडे पाणी चढतं आणि उतरतं, पण पात्राला कातळाचा आधार आहे. बंगालच्या मैदानात खाली शेकडो मीटर गाळच आहे.

निबंधात एक जागा ठार चुकली आहे. पुराच्या दिवसांत गंगेचं पाणी पेल्यात घेतलं तर चौथा हिस्सा गाळ निघतो, असं रेनेल लिहितो. पुढे रॉबर्ट एव्हरेस्ट या धर्मोपदेशकाने गाझीपूरला नीट मोजमाप केलं. पावसाळ्यातल्या पाण्यात वजनाने चारशेहून अधिक भागांत एक भाग गाळ भरला. काठ मोजताना इतका चोख असणारा माणूस पेल्यापाशी कसा घसरला? मला वाटतं, एवढी जमीन डोळ्यांदेखत पाण्यात जाताना पाहिल्यावर ती सगळी त्या पेल्यात दिसली असावी.

नकाशातली नदी एका तारखेची असते, या नजरेने त्याचा ब्रह्मपुत्रेचा नकाशा पाहावा. ही नदी गंगेहून मोठी आहे, हे त्याला १७६५ मध्ये कळलं होतं. नकाशात ती मधुपूरच्या उंचवट्याला पूर्वेकडून वळसा घालून मैमनसिंगवरून जाते. पश्चिमेला जिनाई नावाची एक किरकोळ नदी आहे. १७८७ च्या पुरात तिस्तेने गंगेची वाट सोडली आणि ती ब्रह्मपुत्रेला येऊन मिळाली. पुढच्या काही दशकांत मुख्य ओघ त्या जिनाईच्या वाटेने वाहू लागला. रेनेल १८३० मध्ये वारला तोवर त्याने कष्टाने आखलेली महानदी उपनदीसारखी बारीक झाली होती. जिनाईच्या वाटेचा तो ओघ म्हणजेच आजची यमुना, बांगलादेशातली, ठिकठिकाणी दहा किलोमीटरहून रुंद आणि वाळूच्या बेटांनी भरलेली. जेम्स कोलमन या भूशास्त्रज्ञाने १९६९ च्या अभ्यासात तिच्या तळाशी सरकत जाणाऱ्या वाळूच्या प्रचंड लाटा नोंदवल्या. त्या वाचून रेनेलकडे परत आलं की त्याचा निबंध अधिकच खरा वाटतो, आणि नकाशा अधिकच हळवा करतो.

अशी वाहून जाणारी आणि नव्याने वर येणारी जमीन कोणाची, हा प्रश्नही होताच. रेनेल हयात असतानाच, १८२५ मध्ये, कंपनी सरकारने बंगालसाठी मळईच्या आणि धुपून गेलेल्या जमिनींचा कायदा केला. जिथे जुनी वहिवाट ठरलेली असेल तिथे तीच चालणार होती. एरवी हळूहळू साठलेला गाळ लगतच्या जमीनदाराचा. नदीने एकाएकी वाट बदलून तोडलेला तुकडा ओळखू येत असेल तर तो मूळ मालकाचाच. मोठ्या नदीत वर आलेल्या नव्या बेटाचा निवाडा मात्र बेट आणि काठ यांच्यामधल्या धारेवर सोपवला होता. वर्षातल्या कोणत्याही ऋतूत ती पायी ओलांडता आली, तर बेट जवळच्या जमीनदाराचं. नाही तर सरकारचं.