सिसेरोचें न बोललेलें भाषण

वकिलाचा लौकिक आणि न्यायसभेंतील त्याचें प्रत्यक्ष कार्य यांत किती अंतर असूं शकतें, याचें ठळक उदाहरण म्हणजे रोमन वकील सिसेरो याचें मायलोच्या बचावाचें भाषण होय. क्लोडियसच्या खुनाबद्दल इ. स. पू. ५२ मध्यें मायलोवर खटला चालला, तेव्हां पाँपीच्या सैनिकांचा सभोंवार पहारा होता. सिसेरो गांगरला, भाषण फसलें आणि मायलोला हद्दपार होऊन मासिलियास, म्हणजे हल्लींच्या मार्सेल्स येथें, जावें लागलें. पुढें सिसेरोनें तें भाषण नव्यानें रचून प्रसिद्ध केलें. आपण वाचतों तें हेंच. मूळ भाषणाचें टिपण आपल्या काळीं उपलब्ध होतें असें टीकाकार अस्कोनियस लिहितो. आज तें नष्ट झालें आहे. नवी प्रत वाचून मायलोनें, हें तेव्हां बोलला असतास तर येथील उत्तम मासे मला खावयास मिळाले नसते, असें कळविल्याचें डिओ कॅसियस सांगतो.

हा केवळ एका प्रसंगाचा दोष नव्हे. आपल्या कारकीर्दीचा इतिहास लिहितांना इतिहासाचे नियम बाजूस ठेवूनहि स्तुति करावी, अशी विनंती सिसेरोनें लुक्केयस यास पत्रानें केली होती.

वाङ्मय म्हणून हें भाषण उत्कृष्टच आहे; परंतु न्यायसभेंत काय घडलें याविषयीं तें प्रमाण मानतां येत नाहीं. यास्तव संग्राहकांस विनंति एवढीच कीं, सुवाच्य नकलेच्या मोहानें खर्डा टाकूं नये.