कृती आणि विज्ञान : आगकाड्यांच्या प्रतिकृतींचा शैक्षणिक विचार

प्रस्तावना :
प्राथमिक स्तरावर विज्ञान कृतीतून शिकवावे, हा विचार आज सर्वमान्य आहे. तथापि हाताने केलेली प्रत्येक कृती विज्ञान ठरतेच असे नाही. प्रस्तुत लेखात अरविंद गुप्ता यांच्या आगकाड्यांच्या प्रतिकृतींच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. आय.आय.टी. कानपूरचे अभियंता असलेले गुप्ता १९७८ साली या कार्यक्रमात सहभागी झाले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून केलेल्या प्रतिकृती या अनुभवातून साकारल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी २०१४ पर्यंत कार्य केले.

विवेचन :
तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र कलतो व समभुज चौकोन होतो. कर्णावर काडी बसविली की तो ताठ होईल, असे मुलाला वाटते. परंतु चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असल्याने तेवढीच काडी तेथे पुरत नाही. चौकोन कलता करीत गेल्यास एका स्थितीत ती नेमकी बसते आणि दोन समभुज त्रिकोण तयार होतात. छपराच्या कैच्या व लोखंडी पूल यांच्या रचनेचे मर्म येथे हाती लागते. शिक्षकाने लांब काडी आधीच कापून दिली, तर प्रतिकृती सुबक होते, पण शोध हुकतो. साहित्य स्वस्त असल्याने मुलाला चुकण्याची मुभा मिळते, हेच या साधनांचे खरे सामर्थ्य होय.

मर्यादाही येथेच आहे. त्रिकोण ताठ राहतो हे प्रतिकृती दाखवते. तीन बाजूंच्या लांबीने कोन निश्चित होतात, हे कारण ती सांगत नाही. ते संवादातूनच उलगडावे लागते. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या प्रदर्शनात गुण सुबकपणाला मिळतात, प्रश्नाला नाही, तेव्हा विज्ञानाचे हस्तकलेत रूपांतर होते.

होशंगाबाद कार्यक्रमाने हा धोका ओळखला होता. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. लेखी परीक्षेत पुस्तक उघडे ठेवता येई आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होई. अर्थात अध्यापनासोबत मूल्यमापनही बदलले होते. २००२ साली मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. खेळणी मात्र देशभर पसरली; परीक्षेतील बदल त्यांच्यासोबत गेला नाही.

समारोप :
साधनांचा स्वीकार सोपा असतो, कारण त्याने व्यवस्थेस धक्का बसत नाही. मुलाच्या चुकलेल्या अंदाजाला आणि त्याने शोधलेल्या कारणाला गुणपत्रिकेत जागा मिळेपर्यंत कृतियुक्त विज्ञान हे शाळेचे भूषण राहील, अध्ययनाची पद्धती होणार नाही. अध्यापक महाविद्यालयांनी साहित्यनिर्मितीइतकेच महत्त्व प्रश्ननिर्मितीस द्यावे, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय.