बॅट्समन चेंडू बघतो कधी? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

‘बॉलवरची नजर काढू नकोस’ हे वाक्य ज्याने कोचकडून ऐकलं नाही असा क्रिकेट खेळणारा मुलगा सापडणं कठीण. पण २००० साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांचा एक छोटा पेपर आला आणि त्यात दिसलं की बॅट्समन नजर काढतोच. चेंडू सुटताना तो त्याकडे बघतो, मग नजर झटकन पुढे, चेंडू जिथे टप्पा खाईल असं वाटतं तिथे टाकतो आणि चेंडूची वाट बघतो. टप्प्यानंतर तो चेंडूचा पाठलाग करतो, पण तोही फार तर ०.२ सेकंद. नजरेच्या या उडीला सॅकेड म्हणतात. चांगल्या बॅट्समनची पहिली उडी लवकर होते, कच्च्याची उशिरा.

हे महत्त्वाचं का, ते आधी समजून घेऊ. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू म्हणजे सेकंदाला साधारण ४० मीटर. स्टंपपासून स्टंपपर्यंत अंतर २०.१२ मीटर. म्हणजे बॅट्समनच्या हातात जेमतेम अर्धा सेकंद. त्यातही मॅक्लाउड यांनीच १९८७ साली एक गंमत केली होती. मॅटखाली लाकडी पट्ट्या घालून टप्प्यानंतर चेंडू कुठे वळेल याचा अंदाजच लागू नये अशी खेळपट्टी तयार केली आणि निष्णात बॅट्समनना त्यावर खेळवलं. चेंडू वळल्यावर फटका बदलायला त्यांना सुमारे ०.२ सेकंद लागले. तुम्हा-आम्हाला लागतो तेवढाच वेळ! म्हणजे खेळाडूचं कसब ‘रिफ्लेक्स’मध्ये नाही, अंदाजात आहे. तो अंदाज डोळ्यांच्या हालचालीत पकडता येतो, हे २०००च्या पेपरने दाखवलं. निरीक्षण पक्कं आहे आणि मांडणी इतकी स्वच्छ आहे की पेपर कसा लिहावा हे शिकायलाही तो वाचावा.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

पहिली, बॅट्समन फक्त तीन होते आणि तिघे वेगवेगळ्या दर्जाचे. सॅम्पल लहान म्हणून पेपर बाद, असं मी म्हणत नाही. ‘अशी हालचाल होते’ हे दाखवायला तिघे पुरतात. पण ‘लवकर उडी हे कसबाचं लक्षण आहे’ म्हणायला प्रत्येक दर्जाचा एकेकच माणूस हाताशी आहे. त्या तिघांत कसबाशिवाय आणखी शंभर फरक असतील.

दुसरी, कार्यकारणाची. पेपर म्हणतो की नजरेची ही रीत खेळाडूच्या कसबात भर घालते. असेलही. पण ज्याला टप्पा आधी कळला त्याचीच नजर आधी उडणार, हेही तितकंच शक्य आहे. मग लवकर उडी हे कारण नाही, परिणाम आहे. कोणाला लवकर नजर टाकायला शिकवलं आणि त्याची बॅटिंग सुधारली, असं काही इथे केलेलं नाही.

तिसरी मला सर्वांत मोठी वाटते. चेंडू बोलिंग मशीनमधून येत होते. मशीनला रनअप नाही, खांदा नाही, मनगट नाही. शॉन म्युलर, ब्रूस अबरनेथी आणि डेमियन फॅरो यांनी २००६ साली बोलरच्या चित्रफिती मध्येच तोडून आणि शरीराचे भाग झाकून तपासलं, तेव्हा वरच्या दर्जाचे बॅट्समन बोलरचा हात आणि बोलिंगची पकड बघून चेंडू सुटण्याआधीच माहिती उचलतात असं दिसलं. म्हणजे निर्णयाची सुरुवात जिथे होते, तोच तुकडा २०००च्या प्रयोगातून गळला होता. तिथे मोजलेला ‘लवकर’ हा चेंडू दिसल्यानंतरचा लवकर आहे.

२०१३ साली डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी जगातले दोन अव्वल बॅट्समन आणि दोन क्लबचे खेळाडू घेतले. अव्वल दोघं डोकं चेंडूच्या दिशेबरोबर वळवत होते आणि नजर दोनदा पुढे टाकत होते: एकदा टप्प्याकडे, एकदा बॅट-चेंडू भेटतील तिथे. म्हणजे जुनं चित्र चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. सॅम्पल मात्र इथेही चारच. जगातले अव्वल बॅट्समन पन्नास आणणार कुठून? या क्षेत्राची ही खरी अडचण आहे, आणि म्हणून दावा सॅम्पलच्या मापाने शिवावा लागतो.

प्रपोजल लिहिताना याचा उपयोग काय? समजा तुम्हाला कबड्डीतल्या रेडरच्या निर्णयांवर काम करायचंय. रेड ३० सेकंदांची. लॅबमध्ये स्क्रीनवर बचावपटू दाखवून बटण दाबायला लावलं तर आकडे छान मिळतील. पण रेडरचा पाय हलतो तेव्हा बचावाची साखळीही हलते, तो पुढचा निर्णय त्या हलण्यावरून घेतो. बटणात हे काहीच नाही. बॅटिंगबाबत तर मान, अबरनेथी आणि फॅरो यांनी २०१० साली तपासलंय: तोंडी उत्तर देण्यापेक्षा प्रत्यक्ष बॅट घेऊन हालचाल करताना अंदाज जास्त बरोबर येतो, आणि निष्णात खेळाडूची आघाडीही वाढते.

तेव्हा मेथडचा भाग लिहिण्याआधी एका कागदावर दोन याद्या करा: खेळाडू मैदानावर कशाकशावरून ठरवतो, आणि माझ्या प्रयोगात त्यातलं काय उरलंय. दुसरी यादी फारच आखूड निघाली तर प्रयोग बदला. बदलता येत नसेल तर निष्कर्ष तेवढाच आखूड ठेवा.