तिघांत साथीला कोणी नाही

मैफलीत गायक मधोमध बसतो, तबलजी एका अंगाला, पेटीवाला दुसऱ्या. गायकाने खूण केली की तबलजीने चार आवर्तनं आपलं वाजवून घ्यायचं आणि समेवर निमूट ठेक्यात परतायचं. लासलगावात काय किंवा नाशिकच्या कालिदास कलामंदिरात काय, आपले कान याच बैठकीत तयार झाले. फ्री जॅझचं त्रिकूट प्रथम ऐकताना ताल सापडत नाही, याची सवय लवकर होते. पंचाईत होते ती तिघांपैकी ऐकायचं कोणाला, याची.

ऑर्नेट कोलमनने १९६० मध्ये दोन चौकड्या एकदम वाजवायला बसवून ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केलं. मला त्याहून अल्बर्ट आयलरचं १९६४ चं ‘स्पिरिच्युअल युनिटी’ मोलाचं वाटतं. आयलरचा सॅक्सोफोन, बेस, ड्रम, बस्स. पियानो नाही, म्हणजे सुरांची चौकट आखून देणारंच कोणी नाही. सनी मरे ड्रमवर ठेका धरत नाही आणि गॅरी पीकॉकचा बेस खाली सतरंजी अंथरत नाही. तिघेही एकाच वेळी बोलतात, तरी कलकलाट होत नाही, कारण तिघेही ऐकत असतात.

आपल्याकडे जॅझ आलं ते मुंबईत. लिऑन ॲबीचा वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमध्ये वाजला. पुढे गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांतल्याच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटला हाताशी धरलं, त्याचा ठसा ‘अलबेला’ चित्रपटावर (१९५१) आहे. पण रात्री हॉटेलात मोकळं वाजवणारा हा वादक दिवसा स्टुडिओत कागदावरची सुरावट वाचत बसे. सिनेमाच्या गाण्यांतून गावोगाव पोचलं ते हे कागदावरचं जॅझ. १९७८ पासून निरंजन झवेरींच्या ‘जॅझ यात्रे’ने सनी रोलिन्ससारखे दिग्गज मुंबईकरांना ऐकवले, त्यातलं लासलगावच्या वाट्याला काय आलं, हे विचारण्यात अर्थ नाही.

तिघांनी बरोबरीने बोलण्याच्या परंपरेशी मराठी मुलखाचं खरं नातं जोडलं तालवादक त्रिलोक गुर्टूने. आई शोभा गुर्टू, बेळगावच्या, ठुमरीच्या सम्राज्ञी. कोलमनच्या चौकडीतला डॉन चेरी आणि शोभाताई त्रिलोकच्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये (१९८८) एकत्र आले. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि बेसवादक काय एकहार्ट यांच्याबरोबरच्या त्याच्या त्रिकुटाची १९८९ ची लंडनची मैफल ध्वनिमुद्रित आहे. त्रिलोक गुडघे टेकून वाजवतो, शेजारी पाण्याची बादली. वाजवलेली झांज तो पाण्यात बुडवतो आणि सूर ओघळल्यासारखा खाली येतो. तिथे ठेका देणं संपलेलं असतं. हे काटेकोर अर्थाने फ्री जॅझ नव्हे. मात्रांचा हिशेब पक्का आहे. पण साथीदार कोणीच नाही, आणि माझ्या लेखी मोठी गोष्ट तीच.

आजचं आपलं फ्यूजन या कसोटीवर नापास होतं. एकेकाने पाळीपाळीने चमकायचं, शेवटी सवाल-जवाब, तिहाई, टाळ्या. ही जुनीच उतरंड, फक्त मधली जागा फिरती. ढोलपथकांत तर पन्नास हात एकसारखे उठावेत हाच सराव, तिथे उपजेला वावच नाही. गोंधळात मात्र तो अजून आहे. नाईकाने कथेत अचानक वळण घेतलं की संबळवाला सरळ काठीवरचा जोर काढून बाकदार काठीने तो शब्द घुमवत नेतो. हे कुणी लिहून दिलेलं नसतं. तरी नाईक तो नाईकच.

म्हणून नाशिक-लासलगावच्या संयोजकांना एक विनंती. पुढच्या महोत्सवात एक संबळ, एक सनई आणि एक डबल बेस एका ओळीत बसवा. सवाल-जवाब ठेवू नका, निवेदक नको, पाऊण तास द्या. आणि लोक उठून गेले तरी पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.